डावा कान

दुपारी मालिशघरात गिऱ्हाईक नव्हतं. वेनिंगने तेलाच्या बाटल्या पुसून ठेवल्या, गोड चहाचे दोन पेले भरले आणि टेम्पेची, सोयाबीनच्या तळलेल्या वड्यांची, थाळी मध्ये सरकवली. जावातल्या सोलो शहराच्या त्या बोळातले सगळे मालिशवाले, ती आणि पांजी धरून, आंधळेच, त्यामुळे दिवा लावायची कुणाला आठवणही होत नसे.

"म्बाक, आज शेवटची संधी हं," पांजी भरल्या तोंडाने म्हणाला. तो तिला म्बाक, म्हणजे थोरली बहीण, मानायचा, आणि थोरल्या बहिणीला छळावं तसा मनसोक्त छळायचा. "आज हरलीस की मास दार्सोनोंची पावलं खेळातून काढणार. शेवटचं घर कुणालाच जिंकता येत नाही. लोक शिव्या घालतात मला."

"आधी गिळ, मग धमक्या दे."

मोबाइलवरचा हा खेळ पांजीने आणि वेनिंगच्या नवऱ्याने, ज्याला पांजी 'मास' म्हणजे दादा म्हणायचा त्या दार्सोनोने, मिळून केलेला. त्यात चित्र नाही, सगळा मामला कानांचा. शेवटच्या घरात एका माणसाच्या पावलांमागून दारापर्यंत जायचं; माग चुकला की धपकन विहिरीत. ती पावलं दार्सोनोने याच खोलीत चालून भरली होती. पुढे तो गेला. फोटो घेऊन वेनिंग काय करणार? तिच्यापाशी त्याची एवढी पावलंच उरली होती.

"आणि आज इअरफोनची बोंडं दोन्ही कानांत घाल. डावा उघडा ठेवतेस, म्हणून बुडतेस."

"घालते रे बाबा!"

एक कान खेळात, एक दाराकडे, ही मालिशघराची रीतच होती. आलेलं गिऱ्हाईक परत जाता कामा नये.

खेळ सुरू झाला. पावलं पुढे, वेनिंग मागे. हळूहळू बोळात मांसगोळ्यांचं सूप विकणाऱ्या बाक्सोवाल्याची वाटीवरची टकटक ऐकू येईनाशी झाली. पंख्याची घरघरही विरली. विहिरीपाशी पावलं थांबली. पाणी ठिबकत होतं. रोज ती इथेच बुडायची. 

तेवढ्यात डावीकडे, अगदी जवळ, सपात घासली... सर्र...

दार्सोनो डावा पाय असाच ओढायचा. त्याच्या लवंगेच्या सिगरेटचा वासही आला. वेनिंगने श्वास रोखून बोट डावीकडे सरकवलं. सर्र... अजून डावीकडे. सर्र... आणि कडी निघाली, दार उघडलं, विजयाची घंटा घणघणली!

"जिंकले! पांज्या, जिंकले!" ती लहान मुलीसारखी टाळ्या पिटत नाचली. "त्याची सपात घासली ना, तिच्याच मागून गेले!"

पांजीचं चावणं थांबलं. "कसली सपात?... ते घासणं मी पहिल्याच दिवशी खेळातून काढून टाकलं होतं, म्बाक."

वेनिंगचा हात डाव्या कानाकडे गेला. कान उघडाच होता. इअरफोनचं डावं बोंडूक छातीवर लोंबत होतं.

अंगावर सरसरून काटा आला. आणि मग, का कोण जाणे, तिला हसू फुटलं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली.

"लबाड! जिवंतपणीही असाच फितवायचा."

"म्बाक... आपण दोघंच आहोत ना इथे?"

"दुसरा डाव लाव," ती म्हणाली आणि तिसरा पेला भरून डावीकडे सरकवला. "आणि ती पावलं तशीच राहू दे."

पांजीने डाव लावला. डावीकडची वेताची खुर्ची करकरली, आणि कुणीतरी चहाचा मोठा भुरका मारला.