पिवळे मणी कुठं गेले?

धुरीच्या शेडजवळ आला की जावई नाकाला रुमाल लावायचा आणि आत राबणाऱ्या बायकांना मात्र सांगायचा, "गंधकानं काही होत नाही, मावशी." चंपाक्काला त्या रुमालाचीच शिसारी यायची. धुतलेला, घडीचा, वर अत्तर लावलेला!

तासगावकडच्या त्या बेदाणा कारखान्यात ऐंशी बायका. चाळीस धुरीला, म्हणजे बेदाण्याला रंग यावा म्हणून गंधकाचा धूर देतात तिथं. उरलेल्या चाळीस निवडणीला. दोन्ही दारांवर श्वासपाटी बसवली होती. आत जाताना तिच्यावर फुंकायचं. छाती मोकळी असली तर हिरवा ठिपका उमटे, घरघर असली तर पिवळा, कोंदली असली तर काळा. बायकांना कळावं म्हणून रंग बेदाण्याचेच ठेवले होते.

या ठिपक्यांवरून निष्कर्ष काढायचं काम चंपाक्काच्या जावयाचं, ऋतुराजचं. आज तो ग्रामसभेत अहवाल वाचणार होता. धुरीचा आणि छातीचा संबंध निघाला, तर धुरी यंत्राच्या बंद खोलीत जाणार. नाही निघाला, तर बायकांची पाळी दुप्पट. चंपाक्काची सून कोमल धुरीलाच होती. चार महिने तिचा ठिपका पिवळा.

सकाळी तो निवडणीच्या ताडपत्रीवर चपलांसकट आला.

"मामी, काय-वर्ग कसोटी लावली. संबंध नाही."

"ती करते काय?"

"समजा, संबंधच नाही. मग दोन्हीकडं आजारी सारख्याच निघायला हव्यात. एकूण बारा, म्हणजे सहा-सहा. निघाल्या आठ आणि चार. एवढा फरक नुसत्या योगायोगानंही पडतो."

"बाराच आजारी?"

"काळ्या ठिपक्याच्या."

चंपाक्कानं दोन ताटं पुढं ओढली. आज प्रत्येक बाईच्या फुंकरीला तिनं त्या रंगाचा एकेक बेदाणा टाकला होता. धुरीच्या ताटात बारा हिरवे, वीस पिवळे, आठ काळे. निवडणीच्या ताटात बत्तीस हिरवे, पिवळे चार, काळे चार.

"पिवळे कुठं घातलेत?"

"हिरव्यात." त्यानं इकडंतिकडं पाहिलं. "सौम्य असतं ते, मामी. वरून तसंच सांगितलं होतं."

"तीन रंग, तीन ढीग. आता लावा तुमची कसोटी."

त्यानं मनगटावरच्या पडद्यावर आकडे भरले. संबंध नसता तर दोन्ही ताटांत पिवळे बारा-बारा असते. इथं एकीकडं वीस, दुसरीकडं चार. तीन ढिगांना फरकाचं माप सहाच्या वर गेलं की संबंध मानायचा. माप एकवीस आलं.

पलीकडून कोमलचा खोकला आला, थांबला, पुन्हा आला. ऋतुराजनं खिशातून रुमाल काढला आणि कपाळ पुसलं.

"तो रुमालच सांगत होता, जावईबापू," चंपाक्का उठून उभी राहिली. "तुमच्या नाकाला ठाऊक होतं, तोंडाला नव्हतं. चाळीस वर्षं मी निवडणीला बसते. ढीग मिसळणाऱ्याच्या हातचं पाणी मी पीत नाही, आणि आजपासून तुमच्याही नाही. ग्रामसभेत ही ताटं तुम्ही मांडताय, की मी घेऊन येऊ?"