चढापुरती

टर्नरच्या बायकोने स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही पिशव्या तोलल्या आणि नवऱ्याच्या पिशवीतून तीन पाने आणि एक हातोडी काढून बाजूला ठेवली.

"सहलीला निघालोय आपण, गॅरेज टाकायला नाही," ती म्हणाली.

तीस वर्षं ती इस्पितळात मेट्रन होती. तिच्यापुढे भल्याभल्यांची डाळ शिजत नसे. प्रत्येकी दोन जोड कपडे, टॉवेल, पाण्याची बाटली. बस. "जशी मेट्रनबाईंची आज्ञा," म्हणत त्याने एक पाना हळूच मोज्यात सरकवला.

सायकल त्यानेच जोडली होती. कारखान्यात लेथवर टर्नर म्हणून छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर स्वस्थ बसवेना, तेव्हा त्याने दोन जुन्या सायकली कापून एक दुसीटी सायकल उभी केली. पुढचा भाग त्याच्या स्वतःच्या सायकलचा, मागचा ताईच्या. ताईची सायकल चव्वेचाळीस वर्षं शेडमध्ये टांगलेली होती. तिला करवत लावताना त्याने दोनदा हात मागे घेतला होता.

तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि ताई पंधराची. सुट्टीतल्या एका सकाळी दोघांनी डबलसीट पुलापर्यंत जायचं ठरलं होतं. किती बेत केले होते तिने! पिशवी आदल्या दिवशीच भरून दाराशी ठेवली होती. पण ऐन वेळी त्याला मित्रांचा सामना आठवला आणि तो अंथरुणात डोळे मिटून पडून राहिला. ताईने दोनदा हाक मारली, जराशी थांबली आणि एकटीच गेली. संध्याकाळी सायकल पुलाच्या कठड्याला टेकलेली सापडली. ताई सापडली नाही.

झोप लागली म्हणून पोरगा तरी वाचला, असं सगळे म्हणाले. तो जागा होता हे त्याने कधी कुणाला सांगितलं नाही. लग्नाला बत्तीस वर्षं झाली तरी बायकोलाही नाही. आजचा रस्ता त्याच पुलावरून जात होता. पूल यायच्या आत तिला सांगून टाकायचं, एवढं त्याने मनाशी पक्कं केलं होतं.

दुसीटी सायकलवर पुढच्याने मागे वळून पाहायचं नसतं, तोल जातो. म्हणून दोघांची खूण ठरली होती. मागे नीट बसलं की पाठीवर दोन थापा. मगच पॅडल मारायचं.

पहिले दोन तास झकास गेले. उन्हं कोवळी होती, हवेला ओल्या गवताचा वास होता. बायकोची मागून कटकट चालू होती. "तुमची पाठ बघून कंटाळले बाई. शर्टाला इस्त्री तरी करायची!" सांगायचं त्याच्या अगदी ओठांवर यायचं, आणि ती असं काहीतरी बोलून त्याला हसवायची.

मोठ्या चढाच्या पायथ्याशी चहाची टपरी होती. चढ पाहूनच बायकोने गुडघ्यावर हात ठेवला. चहा झाल्यावर ती म्हणाली, "बाटल्या भरून आणते," आणि टपरीमागच्या नळाकडे गेली. तो सायकल धरून, एक पाय जमिनीवर टेकून बसला. थोड्या वेळाने सीट करकरली. पाठीवर दोन थापा पडल्या, जरा खाली, कमरेच्या वर.

दमली बिचारी, त्याला वाटलं. तो निघाला.

चढ अवघड होता, पण सायकल सुरेख चालली होती. मागून असा काही जोर येत होता की त्याला नवल वाटलं. मध्येच ती पॅडलवर उभी राहून जोर लावत होती. सायकल डावी-उजवीकडे झुलत होती.

"गुडघे सांभाळ गं!" तो म्हणाला.

मागून फक्त भराभर श्वास ऐकू येत होता.

तोंड दिसत नसलं की बोलणं सोपं जातं. रस्त्याकडे पाहत त्याने सगळं सांगून टाकलं. मिटलेले डोळे, दोन हाका, दाराची कडी. "जागा होतो गं मी. तिला एकटीला जाऊ दिलं." सांगता सांगता त्याला रडू फुटलं.

पाठीवर कपाळ टेकल्यासारखं वाटलं. गरम, घामेजलेलं.

माथा आला तेव्हा सायकल एकदम हलकी झाली.

खिशातला फोन वाजला.

"पोचलात का वर?" बायकोचा आवाज. मागे टेम्पोची घरघर. "मी भाजीच्या टेम्पोतून येतेय. त्या मुलीला उतरवून थांबा."

तो वळला. मागची सीट रिकामी होती. मोकळ्या माळावरून सरळ खाली गेलेला रस्ताही रिकामा होता.

टेम्पो आला. बायको बाटल्या सावरत उतरली.

"गेली का पोर? गुणी होती हो. नळावर आली आणि म्हणाली, काकू, तुमचे गुडघे दुखतायत, एवढ्या चढापुरती मी बसू? मी म्हटलं, अगं, ते अनोळखी माणसाला घेणार नाहीत. तर हसायला लागली."

"काय म्हणाली?"

"म्हणाली, ओळखतो तो मला. झोपेचं सोंग घेतलं की पापण्या थरथरतात त्याच्या." बायको बाटली पिशवीत ठेवता ठेवता थांबली. "थरथरतात खऱ्या. पण हे तिला हो कसं माहीत?"