आंबेखिंडचा नाहीसा होणारा झोपाळा

सुरुवात.

झोपाळा पुन्हा गायब!

"आक्काचंच काम," आजोबा म्हणाले. "लहानपणीही मला झोका घेऊ द्यायची नाही."

आजोबा लहान असताना आंबेखिंड गाव धरणाखाली गेलं. आता पांगलेले गावकरी आठवून आठवून ते पडद्यावर पुन्हा बांधत होते. माहितीकोशात (नीट रचलेल्या माहितीच्या साठ्यात) प्रत्येक घराची एक ओळ. आजोबा आपलं घर पुण्यातून भरत, त्यांची बहीण आक्का तेच घर बडोद्याहून. रविवारी सगळे आभासी जग दाखवणारे चष्मे लावून या गावात फिरणार होते. आणि ही भावंडं एकमेकांशी बोलत नव्हती, कारण तिकडे आक्काने लावलेलं पेरूचं झाडही नाहीसं होत होतं आणि ती आजोबांना दोष देत होती.

"टिंबू, कोण खोडतंय?" आजोबांच्या नातीने, निहिराने, घरातल्या यंत्रमानवाला विचारलं. कोशाशी बोलणारी 'निरोप्या' ही आज्ञावली तिच्याच वर्गाने लिहिली होती.

"कुणीच नाही," टिंबू म्हणाला. "दोघांनी एकाच वेळी घराची प्रत उघडली. आजोबांनी झोपाळा टांगून घर परत ठेवलं. मग आक्कांनी पेरू लावून त्यांची प्रत ठेवली. त्यांच्या प्रतीत झोपाळा होता कुठे? नंतरचं घर आधीच्या घरावर बसलं."

"मग ठेवताना कुलूप लावू. एका वेळी एकानेच ठेवायचं!"

मागे फिरा.

कुलूप लागलं. तरी झोपाळा गेलाच.

"एकेक जण आला खरा," टिंबू म्हणाला, "पण हातातली प्रत जुनीच!"

निहिरा नखं कुरतडत बसली. मग ओरडली, "वाचायच्या आधीच कुलूप! ओळ ताब्यात घ्यायची, वाचायची, बदलायची, ठेवायची, मगच सोडायची. तोवर दुसऱ्याने थांबायचं."

"शाबास! हे ओळ-कुलूप. एकच घर बंद, बाकी गाव उघडं."

सुरुवात, पुन्हा.

झोपाळा टिकला. कड्यांची कुरकुर ऐकताना आजोबांना एकदम आठवलं, "अगं, ओसरीवरचं जातं आपलं नव्हतंच! शेजारच्या यमुनाकाकूंचं." त्यांनी ते आपल्या घरातून काढलं आणि नेमकं तेव्हाच नेट गेलं. जातं ना इथे, ना तिथे.

मागे फिरा.

"काढणं आणि ठेवणं एका व्यवहारात बांध," टिंबू म्हणाला. (व्यवहार म्हणजे सगळी कामं पुरी होतात, नाहीतर एकही होत नाही.) "सगळं झालं, तर पक्कं. मध्येच अडलं, तर कोश मागे फिरतो, पहिल्यासारखा होतो. जणू कुणी हातच लावला नव्हता."

निहिराने तसं बांधलं. या वेळी जातं सुखरूप शेजारी पोचलं.

पक्कं.

दुपारी आजोबांनी पडद्यावर घर उघडलं आणि खुर्चीतच त्यांना डुलकी लागली. ओळीचं कुलूप तसंच, त्यामुळे दुसऱ्या कुणाला घर उघडेना. बडोद्याहून फोन खणाणला.

"दाम्या, दार उघड! केव्हाची बाहेर उभी आहे मी!"

आजोबा दचकून उठले. "आक्का? तू... बरं, पेरू कुठे लावायचाय तुझा?"

"न्हाणीमागे. तू पडला होतास ना त्यावरून."

"पडलो नव्हतो, तू ढकललंस!"

"पेरू कुणी चोरले होते?"

आजोबा इतके हसले, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"कुलूप फार वेळ अडलं, तर आपोआप सुटायची सोय करायला हवी," टिंबू हळूच म्हणाला. "पुढे आणखी बुडालेली गावं येतील, तेव्हा लागेल."

निहिराने फोनला चिकटलेल्या आजोबांकडे पाहिलं.

"करू की," ती म्हणाली. "पण सोमवारी."