थप्पीला टेकलेले अप्पा

हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पटत नसेल तर सोडून द्या, पण "दारू पिऊन बसला असशील" असं खाली लिहू नका. मी चहासुद्धा बिनसाखरेचा पितो.

आणि रात्र-बित्र काही नव्हती. भर दुपार होती. २००३ साल, दिवाळी नुकतीच झालेली.

वीरेश माझा कॉलेजचा मित्र. परळीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्याच्या वडिलांची, बसप्पा अप्पांची, आडत होती. अप्पा श्रावणात गेले. परळीच्या वीजकेंद्राची राख त्यांच्या छातीत बसलेली. फोनवरसुद्धा आधी दोनदा खाकरणार, मग बोलणार.

ते गेल्यावर वीरेशनं अंबाजोगाईत दुसरं दुकान टाकलं. परळीच्या गोदामावर लक्ष राहावं म्हणून माझ्याकडून कॅमेरा बसवून घेतला. चित्र तिथल्या फोनच्या तारेवरून अंबाजोगाईच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवर यायचं. तेव्हा लई नवल होतं त्याचं!

एकच अडचण. चित्र चालू असलं, की परळीच्या दुकानातला फोन अडकून पडायचा. लागायचा नाही, वाजायचा नाही.

हे ध्यानात ठेवा.

चित्रही सलग नसायचं. एक फोटो यायचा, थांबायचा... मग दुसरा.

आठवडाभरात वीरेश मला दंडाला धरून कॉम्प्युटरपुढं घेऊन गेला. "पऱ्या, हे बघ बे."

गोदामात हरभऱ्याच्या पोत्यांची उंच थप्पी. भाव येईल म्हणून अप्पांनीच लावून ठेवलेली.

आणि थप्पीला पाठ लावून...

एक माणूस उभा.

धोतर. पाय रोवलेले. मान खाली.

पुढचा फोटो आला. माणूस तिथंच.

"हमाल असल," मी म्हणालो.

"दोन्ही दारांना कुलूप हाय. आन् ती टोपी बघ, कानावर कललेली..." वीरेशनं पडद्यावर बोट ठेवलं. "अप्पा हायेत रे."

माझी बोबडीच वळली. तरी परळीला गेलो. कॅमेरा बदलला, तार बदलली. गोदामात चिटपाखरू नव्हतं. मी शिडीवरून उतरत होतो, तेवढ्यात थप्पीकडून आवाज आला...

ओझं पाठीवर घेतलेला माणूस कण्हतो ना, तसा.

मी शिडी तिथंच टाकून बाहेर पळालो.

गोदामामागंच घर. तिथं वीरेशची आई, मल्लम्मा काकू, आणि त्याची सहा वर्षांची लेक रुचिका. काकू अजिबात भ्यायल्या नाहीत. उलट आमच्यावरच डाफरल्या.

"आमच्या लिंगायतांत गेलेला मानूस लिंगाशी एक व्हतो, भूत न्हाई व्हत! ते उभे हायेत तर कशापायी उभे हायेत, ते इचारा की आदी!"

वीरेश ऐकतोय कशाला. "आई, रुचिका रोज तितंच खेळायची. तिला काय झालं तर मी काय करू?" सगळा जीव त्याचा त्या पोरीत.

त्यानं जंगमस्वामींना बोलावलं. स्वामींनी थप्पीला विभूती लावली, हात जोडले. "बसप्पा, तुमचं काम झालं. आता निघा."

मागच्या दाराचं कुलूप काढलं. रुचिका टाळ्या पिटत नाचली.

दुपारी अंबाजोगाईला परत आलो, चित्र लावलं.

थप्पी होती. माणूस नव्हता.

वीरेश कितीतरी दिवसांनी हसला. चहा मागवला. मी मात्र पडद्याकडंच बघत होतो. जिथं अप्पांची पाठ टेकलेली असायची...

तिथलं खालचं पोतं फाटलेलं होतं. उंदरांनी कुरतडलेलं. हरभरा बाहेर येत होता.

पुढचा फोटो. जमिनीवर हरभऱ्याचा ढीग. थप्पी पुढं कललेली.

पुढचा फोटो. मागचं दार उघडं... थप्पीखाली रुचिका. बसून हरभरे वेचतेय.

"रुचे! ऊठ!" वीरेश पडद्यावर ओरडला. ऐकू कुणाला जाणार? त्यानं फोन उचलला. लागेना. लागणार कसा?

चित्र तोडायचं, मग फोन लावायचा. माझा हात वायरवर होता. पण तोडलं तर पोर दिसणारच नाही... हात हलेना, देवा शपथ.

पुढचा फोटो. रुचिका उभी. तोंड दुकानाकडं, फोन होता तिकडं.

पुढचा फोटो. रुचिका नाही.

त्याच्या पुढच्यात नुसती धूळ, आणि सगळी पोती जमिनीवर.

मी वायर उपटली. वीरेशनं नंबर फिरवला. एकच रिंग.

"हॅलो? पप्पा, आत्ता पन तुमीच केलता का?" रुचिका होती. "फोन वाजला मनून मी पळत आले. तर कुनी बोललंच न्हाई. नुसतं खाकरलं... दोनदा."

वीरेश मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. "मी त्यांना निघा मनलो रे पऱ्या. मीच."

तो फोन वाजूच शकत नव्हता. आणि पोरीनं उचलला असता तर चित्र तुटलं असतं. तुटलं नाही. ती तार मी स्वतः जोडली होती. मी अजून डोकं खाजवतोय.

कॅमेरा त्याच आठवड्यात काढला. आता मी शेकड्यानं कॅमेरे बसवतो, मोबाईलवर चित्र दिसतं.

पण फोन उचलला आणि पलीकडून कुणी आधी खाकरलं, की मी "हॅलो" म्हणत नाही.

आधी माझी पोरं कुठं आहेत, ते बघून येतो.