आठव्या फेरीत घारीला दम का लागतो?

घार नेमकी आठव्या फेरीला दमायची. सातव्या फेरीपर्यंत ती बाकीच्या गाड्यांना मागे टाकत सुसाट जायची. आठव्या फेरीत लांब सरळ पट्टा आला, की तिच्यातलं बळच निघून जायचं. अ‍ॅक्सिलरेटरवर पाय पूर्ण दाबलेला असे, इंजिन चालू असे, खडखडाट नाही, धूर नाही, तरी वेग काही वाढायचा नाही. बाहेर काढून बॉनेट उघडलं आणि पाच-दहा मिनिटं उभी केली, की पुन्हा ठणठणीत. असं तीनदा झालं होतं आणि कारण कुणालाच सापडत नव्हतं.

घार म्हणजे कावेरी चौगुलेच्या आईची शर्यतीची गाडी. साल होतं २०५८. रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या तोवर विजेवर धावू लागल्या होत्या, पण कोल्हापूरच्या बाजूला इथेनॉलवर (उसापासून तयार होणाऱ्या, पेट्रोलसारख्या जळणाऱ्या इंधनावर) चालणाऱ्या गाड्यांच्या शर्यती अजून होत. कावेरीची आई मृण्मयी गेली अकरा वर्षं त्या शर्यतींत उतरत होती.

तिसऱ्या वेळी मात्र थोडक्यावर निभावलं नाही. घार सरळ पट्ट्यावर अचानक मंदावली, तेव्हा मागून अद्वय शिंत्रे नावाचा तरुण चालक भरवेगात येत होता. घारीला वाचवायला त्याने गाडी बाजूला घेतली आणि ती भिंतीवर आदळली. त्याचं खांद्याजवळचं गळपट्टीचं हाड मोडलं. परीक्षक मंडळाने निर्णय दिला, की शनिवारी संध्याकाळी पाच वाजता घारीने शर्यतीच्या मोकळ्या धावपट्टीवर वीस फेऱ्या मारून दाखवायच्या. एकदा जरी ती मंदावली, तरी वर्षभर तिला शर्यतीत जागा नाही.

आता शनिवारची दुपार होती. एप्रिलच्या उन्हाने गॅरेजचा पत्रा तापला होता आणि आत कुणात बोलायचंही त्राण उरलेलं नव्हतं. मुख्य मिस्त्री इम्तियाज मुजावर, म्हणजे कावेरीचे इम्तियाजमामा, चार दिवस धड झोपले नव्हते. त्यांनी इंधनाचा पंप बदलला होता. ठिणगी देणारे स्पार्क प्लग बदलले होते. काल तर त्यांनी अख्खा टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा वेगवान पंखा) नवा बसवला होता. आज सकाळी घार पुन्हा धावपट्टीवर नेली आणि आठव्या फेरीला ती पुन्हा दमली.

"ताई, आता बदलायला गाडीत काय बी राहिलं नाही," मामा म्हणाले आणि पान्हा खाली ठेवून तिथेच भिंतीला टेकून बसले.

आई हेल्मेट मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती. तिने हेल्मेट बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "इम्तियाजभाई, मी मंडळाला फोन करून सांगते. आम्ही माघार घेतो."

"अजून तीन-चार तास हाईत की."

"तास आहेत, पण कारण आहे का? आज मोकळ्या पट्टीवर निभावलं, तरी उद्या शर्यतीत माझ्या मागे कुणीतरी असणारच. त्या पोराचं हाड मोडलं, उद्या मान मोडेल. मला नाही चालवायची अशी गाडी."

कावेरी कोपऱ्यात टायरांच्या ढिगावर आडवी पडून हे ऐकत होती. बारा वर्षांची होती ती. आईचा असा सपाट, थकलेला आवाज तिने आधी कधी ऐकला नव्हता. आई रागावली असती, तर कावेरीला जास्त बरं वाटलं असतं.

गॅरेजमध्ये न दमलेला एकच होता, तो म्हणजे बारक्या. बारक्या हा तपासणी करणारा यंत्रमानव. उंची कमरेइतकी, हात आठ, आणि आठव्या हाताच्या टोकाला करंगळीएवढा कॅमेरा. तो घारीभोवती सकाळपासून सतराव्यांदा फिरत होता.

"सर्व सेन्सर (मोजून कळवणारी उपकरणं) ठीक," तो सांगत होता. "हवा आणि इंधन यांचं प्रमाण ठीक. हवेचं गाळणं (एअर फिल्टर) स्वच्छ. नळ्यांना भोक नाही. दोष आढळला नाही."

"बारक्या, जरा गप्प बस की रे," मामा डोळे मिटूनच म्हणाले.

बारक्या गप्प झाला. कावेरी उठून त्याच्याजवळ गेली. तिच्या डोक्यात काही मोठा विचार वगैरे नव्हता. तिला फक्त एक गोष्ट खटकत होती. धावपट्टीवर दमणारी घार रोलरवर कशी दमत नाही? रोलर म्हणजे जमिनीत बसवलेले जड लोखंडी दंडगोल. त्यांच्यावर गाडी उभी केली, की ती जागच्या जागी धावते आणि तिची ताकद मोजता येते. कालच घारीने रोलरवर पूर्ण ताकद दाखवली होती.

"रोलरवर तिला किती वेळ पळवलीस?" तिने हळूच विचारलं.

"तीन मिनिटं," बारक्या म्हणाला.

"आणि आठव्या फेरीपर्यंत किती वेळ होतो?"

"साडेसोळा मिनिटं."

"रोलरवर बॉनेट उघडं होतं?"

"होय. मला आत पाहता यावं म्हणून. समोर मोठा पंखाही लावला होता, इंजिन तापू नये म्हणून."

कावेरीने घारीच्या बॉनेटकडे पाहिलं. "म्हणजे ती दमते तेव्हा तापलेली असते आणि झाकलेली असते. आणि आपण तिला बघतो, तेव्हा ती गार असते आणि उघडी असते."

बारक्याचे दिवे दोनदा लुकलुकले. "तुझं म्हणणं बरोबर आहे. बिघाड झालेल्या स्थितीत मी तिला एकदाही पाहिलेलं नाही."

मामांनी डोळे उघडले होते. त्यांनी आधी कावेरीकडे पाहिलं, मग आईकडे. "ताई," ते म्हणाले, "फोन अर्ध्या तासानं करा."

घार रोलरवर चढवली. बारक्याने आपला करंगळीएवढा कॅमेरा बॉनेटच्या फटीतून आत सोडला, मग बॉनेट बंद केलं. पंखा लावला नाही. आई आत बसली आणि तिने घार सुरू केली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. गॅरेजमध्ये उभं राहवेना एवढा उकाडा झाला. ताकदीचा आकडा जागचा हलत नव्हता. बाराव्या मिनिटाला मामांनी नकारार्थी मान हलवली आणि ते पुन्हा भिंतीकडे वळले.

चौदाव्या मिनिटाला आकडा घसरला. बघता बघता तो निम्म्यावर आला.

"पडद्यावर पाहा," बारक्या म्हणाला.

गाळण्यापासून टर्बोपर्यंत हवा नेणारी एक जाड काळी रबरी नळी होती, मनगटापेक्षा रुंद. गेले चार दिवस सगळ्यांनी ती पाहिली होती, दाबली होती, भोक आहे का म्हणून तपासली होती. पडद्यावर ती नळी मधोमध चपटी झाली होती, कुणी अदृश्य हाताने मुठीत आवळावी तशी. आईने पाय काढला. नळी हळूच फुगून पुन्हा गोल झाली. पाय दाबला, की पुन्हा चपटी.

मामा पडद्याजवळ जाऊन बराच वेळ बघत राहिले. "माझ्या हाताखालून पन्नास वेळा गेली असेल ही," ते शेवटी म्हणाले. "प्रत्येक वेळी गोलच होती की."

तेवढ्यात कावेरीचे आजोबा जेवणाचे डबे घेऊन आले. आईचे वडील, डॉ. भूपाल उपाध्ये. नोकरीची सारी वर्षं त्यांनी हवामान मोजणारे फुगे आकाशात सोडण्यात घालवली होती. आता त्यांचे गुडघे दुखत, आणि गॅरेजपर्यंत चालत येऊनच ते थकले होते. सगळं ऐकून घेत ते स्टुलावर बसले.

"पण आजोबा, टर्बोने ओढलं म्हणून नळी चपटी झाली ना?" कावेरीने विचारलं.

"आपण बोलताना तसं म्हणतो खरं." आजोबांनी पाण्याची पातळ प्लॅस्टिकची बाटली उचलली, उरलेलं पाणी पिऊन टाकलं आणि रिकामी बाटली तिच्या हातात दिली. "तोंडाला लाव आणि आतली हवा शोषून घे."

कावेरीने तसं केलं. कर्रकन आवाज होऊन बाटली आत गेली.

"कुठून गेली आत?"

"मधून. बाजूंनी."

"तुझे ओठ होते बाटलीच्या तोंडाशी. बाजूंना तू जोर लावला नव्हतास. मग बाजू कुणी दाबल्या?"

कावेरीने बाटलीकडे पाहिलं. "बाहेर तर काहीच नाही. नुसती हवा आहे."

"तीच ती," आजोबा म्हणाले. "हवेला वजन असतं. तुझ्या डोक्यावर कित्येक किलोमीटर उंचीपर्यंत हवेचे थर आहेत, आणि खालच्या हवेवर त्या सगळ्यांचा भार आहे. म्हणून ही खालची हवा प्रत्येक वस्तूला सगळ्या बाजूंनी दाबत असते. त्याला वायुदाब म्हणायचं. तुझ्या एका तळहातावर साधारण साठ किलोचा दाब आहे."

"मग मला तो कळत का नाही?"

"कारण तळहाताच्या मागूनही हवा तेवढीच दाबते आहे, आणि शरीराच्या आतूनही तेवढाच जोर बाहेरच्या दिशेने लागतो आहे. दोन्हीकडून सारखं ढकललं, की काहीच हलत नाही. बाटलीतही आधी आत-बाहेर सारखाच दाब होता. तू आतली थोडी हवा काढून घेतलीस, आतला दाब कमी झाला आणि बाहेरची हवा वरचढ ठरली. तू बाटली ओढली नाहीस, कावेरी. तू आतला टेकू काढून घेतलास." ते जरा दम घ्यायला थांबले. "माझे फुगे उलटं करायचे. वर जावं तशी बाहेरची हवा विरळ होते, तिचा दाब कमी होतो. मग आतला वायू वरचढ होतो आणि फुगा फुगतच जातो."

कावेरी नळीकडे बघत विचार करू लागली. "म्हणजे टर्बो नळीतली हवा भराभर पुढे नेतो. मागून गाळण्यातून तेवढ्या लवकर हवा येत नाही. आत दाब कमी होतो, आणि बाहेरची हवा नळी चेपते. पण मग पहिल्या फेरीतच का नाही चेपत?"

याचं उत्तर मामांनी दिलं. त्यांनी नळी सोडवून काढली होती. तिच्या आत बोट फिरवलं, तर बोट तेलकट झालं. "इंजिनातून तेलाची वाफ या वाटेनं परत येती. तिनं रबर आतून मऊ पडलंय. गार असताना नळी कशीबशी ताठ ऱ्हाती. बॉनेटखाली पंधरा मिनिटं तापली, की पोळीगत मऊ."

"आणि सेन्सर ठीक का सांगत होते?"

"ते खोटं सांगत नव्हते," बारक्या म्हणाला. "संगणक आत येणारी हवा मोजतो आणि तिला पुरेल एवढंच इंधन सोडतो. हवा निम्मी आली, तर इंधनही निम्मं. प्रमाण बरोबरच राहतं. मी प्रमाण तपासलं. एकूण हवा कमी का झाली, हे विचारलं नाही."

मामांनी अ‍ॅल्युमिनियमची नळी कापून, घासून त्या जागी बसवली. हवेने दाबली तरी वाकणार नाही अशी. फक्त दोन टोकांना सांध्यापुरतं नवं रबर. हे होईतो साडेचार वाजले. आई ती जुनी नळी हातात घेऊन अंगठ्याने दाबत होती, सोडत होती. मामांनी "झालं, ताई" म्हटल्यावर तिने आधी घार पुन्हा रोलरवर चढवायला लावली, बॉनेट बंद करून, पंख्याशिवाय. पूर्ण वीस मिनिटं. आकडा हलला नाही. तेव्हा कुठे ती धावपट्टीवर जायला तयार झाली. मंडळाला पंधरा मिनिटं थांबावं लागलं, पण तिने घाई केली नाही.

आठव्या फेरीला कावेरी कठड्याला घट्ट धरून उभी होती. घार वळणावरून सरळ पट्ट्यावर आली आणि तिच्यासमोरून गेली, आवाज जराही न उतरता. नववी फेरी झाली, दहावी झाली. विसाव्या फेरीनंतर परीक्षकांनी कागदावर सही केली. आनंदाने उड्या मारायला कुणाच्या अंगात ताकद नव्हती. मामा घारीच्या सावलीत आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरू लागले.

आई मात्र घरी गेली नाही. कपडे बदलून, जुनी नळी पिशवीत घालून ती कावेरीला आणि आजोबांना घेऊन इस्पितळात गेली. अद्वय शिंत्रे खांदा बांधून पलंगावर बसला होता.

"माझ्या गाडीमुळे तुला लागलं," आई म्हणाली. "तेव्हा कारण माहीत नव्हतं. आज सापडलं. ते तुला सांगायला आले."

अद्वयने नळी एका हाताने चेपून पाहिली. "पण ही चपटी झालीच कशी?"

आईने कावेरीकडे पाहिलं. कावेरीने त्याच्या उशाजवळची रिकामी बाटली मागून घेतली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. अद्वय मध्येमध्ये प्रश्न विचारत राहिला. शेवटी तो म्हणाला, "आमच्या गाडीला हीच नळी आहे. दोन वर्षं जुनी." त्याने तिथूनच आपल्या मिस्त्रीला फोन लावला. मग परीक्षक मंडळाला लावला आणि पुढच्या शर्यतीपासून प्रत्येक गाडीची तपासणी गरम इंजिनावर, बॉनेट बंद ठेवून व्हावी, असं सुचवलं. फोन ठेवून तो आईला म्हणाला, "सहा आठवड्यांत हाड जुळेल म्हणतात. तेव्हा भेटू धावपट्टीवर." आईने होकारार्थी मान हलवली. तिचे डोळे भरून आले होते.

परतताना घरची विजेची गाडी आपणहून रस्ता कापत होती. आई पुढच्या जागी केव्हाच झोपली होती. पश्चिमेला अजून थोडा उजेड होता.

"आजोबा," कावेरीने विचारलं, "मंगळावर ही नळी चेपली असती?"

"नाही. तिथल्या हवेचा दाब आपल्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. चेपायला तिथे आहे कोण?"

"मग तिथे घार दमणार नाही."

"सुरूच होणार नाही. इंधन जाळायला लागणारा प्राणवायू तिथल्या हवेत जवळजवळ नाहीच. तिथली गाडी पहिल्यापासून वेगळी आखावी लागेल. ती कशाने बिघडेल, हे आज कुणालाच पुरतं ठाऊक नाही."

कावेरीने खिडकीला डोकं टेकलं. डोळे मिटत होते, पण प्रश्न सुटत नव्हता. "ती तिथे चालू असतानाच बघावी लागेल," ती पुटपुटली. "कुणालातरी जावं लागेल."

"लागेल की," आजोबा म्हणाले, आणि तिच्या बाजूची काच त्यांनी हळूच वर केली.