मुकी चप्पल

कळंब्याच्या तळ्यातून दादासोचं प्रेत निघालं ते गुरुवारी सकाळी. चपला सापडल्या शुक्रवारी. काठावरच्या दगडाआड, शेजारी शेजारी, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा.

दहा वाजता बायडाबाईंना पोलीस ठाण्यातून फोन आला. चाळीस वर्षं त्यांनी कोल्हापुरी चपला शिवल्या होत्या. या चपलाही त्यांच्याच हातच्या. ओळख पटवायला दुसरं कोण येणार?

मुलगा सम्राट त्यांना मोटारसायकलवरून घेऊन आला. काल गुरुवार, म्हणून दोस्तासाठी नरसोबाच्या वाडीला जाऊन आलो म्हणाला. पण दर खेपेला आणतो ते पेढे काही आणले नव्हते.

"आई, त्याच्याच हाईत म्हण आन् सही कर. जास्त बोलत बसू नगंस," वाटेत तो दोनदा म्हणाला. ठाण्याच्या दारातल्या वहीत त्यानं डाव्या हातानं आईचं नाव लिहिलं आणि तो बाहेरच थांबला.

आत दादासोची बायको अक्षता बसली होती. रडून रडून डोळे कोरडे पडलेले.

"काकू, ह्यास्नी सांगा की. त्यो जीव देणारा माणूस न्हवता."

फौजदार पूर्णिमाबाई तरुण होत्या. त्यांनी स्वतः खुर्ची पुढं सरकवली.

"मावशी, अंगावर जखम नाही, भांडण झाल्याची खूण नाही. चोरीचा डाग घेऊन आठवड्यापूर्वी तुरुंगातून सुटलेला माणूस. लाजेनं जीव दिला, असंच दिसतंय."

चोरीचा डाग. बायडाबाईंना ती दोन पोरं आठवली. बाभळीच्या काठ्यांच्या बंदुका खांद्यावर टाकून दादासो आणि सम्राट त्यांच्या अंगणात लेफ्ट-राइट करायचे. पाऊल चुकायचं सम्राटचं, ओरडा खायचा दादासो. दोघं एकाच दिवशी भरती झाले, एकाच पलटणीत गेले. तीन वर्षांपूर्वी पलटणीतल्या विधवांसाठी जमवलेले बेचाळीस लाख गायब झाले. दादासोनं गुन्हा एकट्याच्या अंगावर घेतला आणि तुरुंगात गेला. सम्राटवर हलगर्जीपणाचा ठपका आला, त्याची फक्त वर्दी गेली. पैसे कुणालाच सापडले नाहीत.

बायडाबाईंनी टेबलावरच्या चपला खाली ठेवल्या, पायात घातल्या आणि खोलीत चालू लागल्या.

डावं पाऊल, करकर. उजवं पाऊल, काही नाही. पुन्हा करकर. पुन्हा काही नाही.

"त्याच्याच हाईत. पण उजवी बोलत न्हाई."

"बोलत नाही म्हणजे?"

"ही कापशी चप्पल, बाई. दोन तळांच्या मधी विंचवाच्या झाडाची बी घालतो आमी. चाललं की वाजतीया. आदी पाटलाची चप्पल यायची, मागनं पाटील. बुधवारी सांजंला दादासो माझ्या दारावरनं गेला, तवा दोनी वाजत हुत्या. मी आतनं हाक मारली, तर 'आलोच काकू' म्हणून गेला."

"भिजल्यावर आवाज जात असेल."

"भिजल्यात कुठं? हात लावून बघा की."

पूर्णिमाबाईंनी हात लावला. चामडं खडखडीत होतं.

"तळ कुणीतरी उसवून परत शिवलाय," बायडाबाई म्हणाल्या. "आन् उजव्या तळात मीच एक वस्तू शिवली हुती. दहाची नोट, पलास्टिकात. आईच्या हातची हाय, जपून ठेवायची हाय म्हणाला. सरकू ने म्हणून कोपऱ्यात आरीनं भोक पाडून टाका घातला. त्येच्यापुढं आठ दिवसांत त्याला धरून नेलं, ह्याच चपलांत. सुटला तवा तुरुंगातनं ह्याच परत मिळाल्या."

पूर्णिमाबाई ताठ बसल्या.

"मावशी, ती आईची नोट नव्हती. चोरटा पैसा ठेवणाऱ्या पेढ्या अशी नोट खूण म्हणून देतात. त्या नंबरची नोट आणेल त्याच्या हातात पैसे. नोट शिवताना तिथं आणखी कोण होतं?"

"सांगतो. आदी आत बघूया."

त्यांनी पिशवीतून जुनी आरी काढली. रोजची दोन दिवस सापडत नव्हती. चप्पल उलटी करून डोळ्यांजवळ नेली आणि आरी तशीच हातात राहिली.

त्यांचे टाके उजवीकडं कलायचे. हे डावीकडं कललेले होते. शेवटची गाठ बाहेर न दिसता आत दडवलेली. ती गाठ सासूबाईंची. बायडाबाईंनी ती एकाच माणसाला शिकवली होती.

"काय झालं, मावशी?"

अजून वेळ होता. टाके माझेच, तळ उसवलेला नाही, बी जुनी होऊन मोडली, एवढं म्हटलं असतं तरी कागद बंद झाले असते. अक्षता चपलेकडं बघतच नव्हती. ती त्यांच्याकडं बघत होती.

"काकू, त्यानं जीव दिला न्हाई न्हवं?"

"न्हाई बाळ."

शब्द निघून गेले. आता ते मागं घेता येणार नव्हते.

"शिवण कुणाची आहे?" पूर्णिमाबाईंनी विचारलं.

"माझी."

"तुमची?"

"मी शिकवलेली." बायडाबाईंनी आरी टेबलावर ठेवली. "टाका डावऱ्या हाताचा हाय. नोट शिवताना दारात बसून त्योच वाद्या वळत हुता. माझी आरी बुधवारपास्नं न्हाई. काल वाडीला गेलो म्हणला, पेढं न्हाईत. वाडीला गेलाच न्हाई त्यो. पैसं आणाय गेलता. त्येला बोलवा. बाहीर उभा हाय."

अक्षतानं तोंडावर पदर दाबला.

सम्राट आला. आईच्या मांडीवरची उलटी चप्पल त्यानं बघितली आणि काही न विचारता पाकीट टेबलावर ठेवलं. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली दहाची नोट होती. तिच्या कोपऱ्यात आरीचं भोक.

"दगडामागं बसून शिवली," तो म्हणाला. "उसवलेली चप्पल दिसली असती तर तुमी इचारलं असतं. बी गवतात सांडली, दिसंना. म्हटलं, मेलेल्याच्या चपला घालून कोण चालतंय?"

"का मारलंत त्याला?" पूर्णिमाबाईंनी विचारलं.

"पैसं परत देतो म्हणाला. घेतलं दोघांनी, नाव त्यानं एकट्यानं लावून घेतलं. आता भरून टाकू, मोकळं होऊ, म्हणं. मी तीन वर्सं कशाची वाट बघितली मग? ढकलला. वर येत हुता, तर..." त्यानं डाव्या हाताकडं पाहिलं. "धरून ठेवला."

"पैसे कुठं आहेत?"

सम्राट हसल्यासारखं करून थांबला.

"हुपरीत चांदीच्या पेढीवर ठेवलं हुतं. काल गेलो, तर कुलूप. मालक दोन वर्सांमागंच पळालाय. शेजारचा म्हणला, पावणं, लई लोक येऊन रडून गेलं." त्यानं नोट पुढं सरकवली. "दहा रुपयं हाईत. घ्या."

अक्षता उठून भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिचा नवरा चोर होता, हे आता पुरतं कळलं होतं. त्यानं जीव दिला नव्हता, हेही.

हवालदारानं बेड्या काढल्या. सम्राटनं हात पुढं केले, डावा आधी.

"आई, काय तर बोल की."

चाळीस वर्षं हातात चामडं धरलेल्या बायडाबाईंनी त्या टाक्यांच्या ओळीवरून अंगठा फिरवला. एकही टाका चुकला नव्हता.

"लहानपणी इतका सरळ कदी पडला न्हवता रं तुझा टाका," त्या म्हणाल्या.