उजवीकडे कललेली पिसं

नुसतं बघून यायचं होतं. घ्यायचं की नाही, ते नंतर ठरवणार होते. जाहिरात गावात गोधड्या शिवून देणाऱ्या लिओटाच्या लेकीने ओमाहाहून दिली होती : गोधडी शिवायचं मोठं मशीन, बारा फुटी चौकटीसकट, एकाच बाईने वापरलेलं. फेब्रुवारीतली दुपार होती, रस्त्याकडेला बर्फाचे ढीग होते, आणि मी गाडीत बसल्यापासून चरफडत होते.

का, ते सांगते. आईने मरायच्या आधी तुकडे जोडून गोधडीचा वरचा थर पुरा केला होता. खाली कापूस आणि अस्तर घालून शिवायला तो मी लिओटाकडे दिला. गावातल्या सगळ्याच बायका तिच्याकडे देत. दोन वर्षं ती 'पुढचा नंबर तुझाच' म्हणत राहिली, आणि नोव्हेंबरात गेली. दफनानंतर चर्चमध्ये हॅमचे सँडविच वाटत असताना मी तिच्या नवऱ्याला, एमेटला विचारलं.

"तसलं काही इथे नाही, आर्लिस," तो म्हणाला.

सगळ्यांच्या गोधड्या परत आल्या, माझ्याच आईची तेवढी नाही. मशीन बघायच्या निमित्ताने मी त्याचं तळघर धुंडाळणार होते.

एमेटने दार उघडलं. कॉफी विचारली नाही. तळघरात मशीनच्या तेलाचा वास होता, आणि लिओटा खोकल्यासाठी चघळायची त्या पुदिन्याच्या गोळ्यांचाही. चौकटीवर कोऱ्या कापडाची पट्टी ताणलेली होती.

"चालवून बघ," तो म्हणाला, आणि जिन्यातच थांबला.

जुनं मशीन घेताना आधी चिंधीवर आपली पिसांची नक्षी काढून बघायची, ही आमची रीत. ती नक्षी म्हणजे बाईचं अक्षरच. मी डावखुरी. माझी पिसं डावीकडे कलतात, त्यावरून जत्रेत बायकांनी मला कितीदा चिडवलंय. लिओटाची उजवीकडे कलायची, आणि प्रत्येकाच्या टोकाला गळासारखा वळलेला एक आकडा असायचा. उगाचचा नखरा, मी म्हणायचे.

मी मशीन फिरवायच्या दोन्ही मुठी धरल्या, बटण दाबलं, ओळभर शिवलं आणि थांबले. पिसं उजवीकडे कलली होती. प्रत्येकाला आकडा होता.

पुन्हा शिवलं. या वेळी जोर लावून, डावीकडे. हातातल्या मुठी गार पडत गेल्या... पुन्हा उजवीकडेच.

"एमेट... हे काय आहे?"

"वायर बघ," तो हळूच म्हणाला.

वायर गुंडाळून भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली होती.

भीती वाटायच्या आधी मला राग आला. चौकटीच्या मागच्या रुळावर जुनी चादर गुंडाळलेली होती, ती मी ओरबाडून काढली. आत आईची गोधडी होती. बाबांच्या शर्टांचे निळे तुकडे, माझा शाळेतला पिवळा फ्रॉक. सगळीकडे पिसं शिवलेली, फक्त शेवटचा हातभर कोरा.

"तोंडावर खोटं बोललास तू."

"शिलाई रोज सकाळी बोटभर पुढे गेलेली असते," एमेट म्हणाला. "डिसेंबरात वायर काढली, तरी जातेच. ती पुरी झाली की लिओटा... मग ती कशाला थांबेल? जाहिरात पोरीने दिली गं. मला विकायचंच नाही."

"तुला तुझी बायको हवी, म्हणून माझ्या आईची गोधडी डांबून ठेवलीस?"

 मी तिथलीच कात्री घेतली, गोधडी कापून मोकळी केली आणि कवेत घेऊन निघाले. मशीन नको म्हणून सांगितलं. तो मागे आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी ॲपल पाय करायला ओट्यावर पीठ भुरभुरवत होते, तेव्हा त्याचा फोन आला.

"आर्लिस, खाली अगदी सामसूम झालीय. वासही नाही. मशीन फुकट ने हवं तर... फक्त एवढं सांग, ती तुझ्याकडे आलीय का?"

माझ्या स्वयंपाकघरात पुदिन्याचा वास सुटला होता. खुर्चीवर गोधडी होती. कालच्या शेवटच्या टाक्यापुढे बोटभर नवी शिलाई होती.

माझा राग अजून गेला नव्हता.

"तसलं काही इथे नाही, एमेट," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

मग ओट्याकडे लक्ष गेलं. पिठात पिसांची ओळ उमटली होती, उजवीकडे कललेली. माझ्या डाव्या हाताचं बोट शेवटच्या पिसाच्या टोकाला आकडा काढत होतं... आणि मला ते थांबवता येत नव्हतं.